काचेचा न पुसलेला कोपरा

मी चिडून परत आले आणि चिडूनच हे लिहायला बसले आहे, हे आधी सांगून टाकते. ज्यांना प्रवासवर्णनात सूर्यास्त आणि धुकं हवं असतं त्यांनी दुसरं काहीतरी वाचावं. लातूर-नांदेडकडे धुकं फारसं नसतं आणि सूर्यास्ताच्या वेळी मी कुणाशी ना कुणाशी भांडत होते.

मला जुन्या जपानी गाड्या ओळखायचं वेड आहे. साठी उलटलेल्या बाईला हे शोभत नाही, असं आमच्या घरात सगळ्यांचं मत आहे. पण माझ्या वडिलांचं कोल्हापुरात गाड्यांच्या काचा, आरसे, रबरी पट्ट्या आणि वायपर विकायचं दुकान होतं. इतर मुली सागरगोटे खेळत होत्या तेव्हा मी गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकाला विचारत होते, "डावा का उजवा?" ते वय गेलं, दुकानही गेलं, पण रस्त्यात उंच, चौकोनी, गोल दिव्यांची जपानी जीप दिसली की मी अजूनही रिक्षा थांबवते. आपल्याकडे अशा प्रत्येक गाडीला लोक 'पजेरो' म्हणतात. माझा पहिला राग तिथूनच सुरू होतो. प्रत्येक पांढऱ्या बगळ्याला हंस म्हटलेलं कुणाला चालेल का?

तर लातूरला एका शिकवणीच्या फाटकावर एक जुनी लँड क्रूझर उभी आहे, त्र्याण्णवच्या भूकंपात मदतीला आलेली, असं माझ्या भाच्यानं सांगितलं. त्याची मुलगी तिथे शिकते. मी पिशवी भरली आणि निघाले.

लातूर

लातूर शहर मला आवडलं असतं, पण ते फलकांच्या मागे आहे. जिकडे मान वळवावी तिकडे मुलांचे चेहरे. हा राज्यात अमुकवा, ही मुलींमध्ये तमुकवी. आमच्याकडे असे फलक फक्त पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला लागतात, त्यांचा निदान उतरवायचा दिवस तरी ठरलेला असतो. इथे सतरा वर्षांची पोरं बारा महिने उन्हात टांगलेली आहेत. फलकांच्या खाली तोंडाला ओढण्या बांधलेल्या मुली, पाठीवर पोत्याएवढी दप्तरं, हातात खाणावळीचे डबे. एका गल्लीत मी मोजायला लागले होते की वसतिगृहं जास्त आहेत का झेरॉक्सची दुकानं, मग सोडून दिलं. नाश्त्याला एका टपरीवर धपाटे आणि दही खाल्लं. धपाटे उत्तम होते. टपरीवाल्यानं विचारलं, "मावशी, लेकराचं ॲडमिशन का?" मी म्हटलं, "जीप बघायला आले." त्यानं मला दुसरा धपाटा दयेनं वाढला असावा.

शिकवणीच्या मालकांचं नाव मी लिहिणार नाही. लातुरात नुसतं 'सर' अशी हाक मारली तर शंभर माना वळतात, त्यामुळे इथेही त्यांना सरच म्हणते. फाटकाच्या आत पत्र्याच्या छपराखाली, हातभर उंच चौथऱ्यावर ती उभी होती. लँड क्रूझर, साठ नंबरच्या घराण्यातली. गोल दिवे, छताच्या कडेनं पाणी वाहून जायची पन्हळ, मागे दोन बाजूंना उघडणारी कपाटासारखी दारं. मी चपला काढून चौथऱ्यावर चढले. रखवालदाराला ते देवळासारखं वाटलं असावं, कारण तो बाजूला सरला.

मागच्या भिंतीवर भलामोठा फोटो होता. पाऊस, चिखल आणि त्यातून येणारी हीच जीप. उजव्या खिडकीतून कोपर बाहेर काढून बसलेला विशीतला एक उंच तरुण. खाली मोठ्या अक्षरात लिहिलं होतं : 'संकटाच्या काळातही स्टीअरिंग आमच्या सरांच्या हाती.'

मी गाडीच्या आत डोकावले. स्टीअरिंग उजवीकडे. ठीक. मग सवयीनं वायपरकडे बघितलं आणि माझं डोकं तडकलं.

वाचकांना थोडं सांगायला हवं. दोन वायपर काचेचे दोन्ही कोपरे सारखे पुसत नाहीत. ड्रायव्हरच्या बाजूची काच कडेपर्यंत पुसली जाते आणि शेजारी बसणाऱ्याच्या बाजूला, वरच्या अंगाला एक तिकोनी कोपरा तसाच राहतो. उजवं स्टीअरिंग असेल तर न पुसलेला कोपरा डावीकडे असतो. म्हणूनच तर आम्ही गिऱ्हाइकाला डावा का उजवा विचारायचो. या गाडीचे वायपर डावीकडची काच पूर्ण पुसणारे होते. म्हणजे जपानहून निघाली तेव्हा गाडी डाव्या स्टीअरिंगची होती. आत वाकून बघितलं तर डावीकडच्या पत्र्यावर भोकं बुजवून वर रंग फासलेला दिसला.

मी परत भिंतीपाशी गेले. फोटोतल्या काचेवर चिखलातून वायपरनं काढलेली पंख्यासारखी खूण स्पष्ट होती. गाडीच्या उजव्या बाजूला, त्या तरुणाच्या चेहऱ्यासमोर, चिखलाचा तिकोनी कोपरा तसाच. डावीकडच्या पुसलेल्या काचेवर आभाळाची चकाकी होती, मागचं काही दिसत नव्हतं. फोटो उलटा छापलाय का, तेही पाहिलं. दारावरची अक्षरं सुलटी होती. म्हणजे तो तरुण ड्रायव्हर नव्हताच. तो शेजारी बसला होता!

सर भेटले. माणूस गोड बोलणारा आहे, चहा पाजतो, बसायला पंख्याखालची खुर्ची देतो. मी सरळ विचारलं, "स्टीअरिंग हलवलंत?"

"हलवलं नाही हो, दुरुस्त करून घेतलं," ते हसून म्हणाले. "मुलं विचारायची, सर, फोटोत तुम्ही या बाजूला, मग स्टीअरिंग त्या बाजूला कसं? लहान मुलांचा गोंधळ होतो. नांदेडच्या एका गॅरेजवाल्यानं झकास काम केलं."

"मग चालवत कोण होतं?"

"तेव्हा काय, सगळेच धावपळीत. गाडी परदेशी डॉक्टरांची, मी त्यांचा दुभाषा होतो. होता कुणीतरी नांदेडचा माणूस." आणि त्यांनी लगेच दुसऱ्या फोटोकडे बोट केलं. एक बाई त्यांना राखी बांधत होती. "ही कलावती, किल्लारीजवळच्या गावची. ढिगाऱ्यातून काढली तेव्हा पंधरा वर्षांची होती, पाय चिरडलेला. याच जीपमधून हिला आणली. दर वर्षी न चुकता येते."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खोटं बोलणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. पण खोटं जुळावं म्हणून एवढी जातिवंत गाडी चिरणारा माणूस पहिल्यांदाच पाहिला. आणि त्याला तो 'दुरुस्त केलं' म्हणतो! मी चहा अर्धा टाकून उठले.

नांदेड

रस्त्यात अहमदपूर, लोहा लागतं, कंधारकडे जाणारा फाटा लागतो. काळी जमीन, हरभरा, तूर, आणि माझ्या शेजारी सबंध वेळ फोनवर सुनेची तक्रार सांगणारी एक बाई. तिचा राग माझ्यापेक्षा चांगल्या प्रतीचा होता.

नांदेडला सकाळी हॉटेलात खिचडी मागितली तर ताटलीत खिचडी, वर खिमा आणि शेजारी वाटीत चिंचेचा आंबट खट्टा आला. आमच्याकडे खिचडी म्हणजे आजाऱ्याचं जेवण. इथे ती खाऊन माणसं ट्रक चालवायला जातात. मी खिमा नको म्हटलं तर वेटर म्हणाला, "मग खाणार काय, मावशी?" त्याचा प्रश्न बरोबर होता.

गॅरेजच्या गल्लीत तोंडाशीच एक जोंगा दिसली. लष्करानं मोडीत काढलेली ही गाडी जबलपूरला बनायची, पण घराणं जपानीच. तिच्या अंगावर कोंबड्या बसल्या होत्या. दुसऱ्या एखाद्या दिवशी भेटली असती तर तिच्याशी तासभर बोलले असते. त्या दिवशी मला भांडायचं होतं.

विचारत विचारत सापडलेला गॅरेजवाला युसूफ नावाचा, पन्नाशीचा. मी त्याच्यावर तोंड सोडलं. त्यानं हात पुसत शांतपणे ऐकून घेतलं.

"झालं का, बाजी?" थोरल्या बहिणीला म्हणावं तसं तो म्हणाला. "सर बोलले, उधरका इधर करो. म्या केलं. म्या न्हाई केलं असतं तर हैदराबादला नेऊन करून घेतलं असतं. पण एक सांगतो, ती गाडी इथं होती तेवा मकबूलचाचा रोज येऊन डाव्या सीटवर बसायचे. स्टेरिंग काढलं त्या दिवशी आले, बघितलं आणि गेले. पुन्हा आलेच न्हाईत."

"कोण मकबूलचाचा?"

"डायवर. गाडी त्यांच्याच हाती व्हती की भूकंपाला."

चाचांचं घर दोन गल्ल्यांपलीकडे. दारात शेवगा, ओसरीवर बाज, बाजेवर बारीक अंगाचे, पांढऱ्या दाढीचे मकबूलभाई. त्यांच्या बायकोनं, हमीदाबींनी, मी कोण कुठली हे विचारायच्या आधी पाणी दिलं आणि विचारल्यानंतर जेवायला बसवलं. वांग्याची आंबट भाजी आणि ज्वारीची भाकरी. कोल्हापुरात आम्हीही पाहुण्याला जेवल्याशिवाय सोडत नाही, पण आधी दोन प्रश्न विचारतो.

मी वायपरची हकीकत सांगितली. चाचा पहिल्यांदा हसले. "बाजी, तुमी पयलंच माणूस, ज्यानं काच बघितली. बाकी सगळे सीट बघतात. आपल्याकडं डायवर उजव्या अंगाला, हे लेकराला बी ठावं. मी डाव्या बाजूला, म्हणून मी कुणीच न्हाई. गावात शिरलो की लोक उजव्या खिडकीपाशी जायचे, त्या पोराच्या पाया पडायचे. 'डायवरसाब, आमच्या गल्लीत चला.' त्याला हार घातले, त्याच्या हातात नारळ दिले."

"आणि तो घ्यायचा?"

"पहिल्या दिवशी सांगायचा, मी न्हाई, ते हायेत. मग थकला. मग सवय झाली."

"सवय!" हमीदाबी आतून कडाडल्या. "पेपरवाल्यांनी फोटो काढला, नाव त्याचं. सत्कार झाला, शाल त्याला. हे घरी आले तर आंगभर चिखल आणि आठ दिवस झोपेत गिअर टाकत व्हते. म्या म्हटलं, जाऊन सांगा. म्हणतात, एका माणसाला खुशी होरी, होऊ दे. तुमच्या या चांगुलपणावर एक दिवस रॉकेल वतून काडी लावणार हाय मी!"

मला त्या बाईला मिठी मारावीशी वाटली.

चाचा मात्र म्हणाले, "शालीचं काय हो. फाटून गेली असती आतापोतूर. एक पोरगी व्हती. पायाचा चुरा झालेला. तिला घेऊन निघालो तेवा धो धो पाऊस. सबंध रस्ता तिच्याशी बोलत राहिलो, झोपू दिली न्हाई. दवाखान्यात उतरवली आणि उलट्या पावली परत गेलो. दुसऱ्या दिवशी विचारायला आलो तर कुणाला काही ठावं न्हाई. नाव बी इचारलं नव्हतं म्या. ती जगली का मेली, एवढं कळलं असतं तर बस होतं."

मी हातातली भाकरी ताटात ठेवली. मी म्हटलं, "चाचा, ती जिवंत आहे. तिचं नाव कलावती. दर वर्षी ती राखी बांधायला लातूरला येते."

त्यांनी मान वर केली. "कुणाला?"

मी ताटाकडे बघितलं. हमीदाबींनी ओळखलं आणि हातातला तवा इतक्या जोरात आपटला की शेवग्यावरचे कावळे उडाले. चाचा भिंतीकडे तोंड करून बसले. त्यांचे खांदे हलत होते. तिच्या जगण्यानं ते रडत होते का त्या राखीनं, हे मी विचारलं नाही. मी एवढंच म्हटलं, "उद्या जाऊ या." चाचा नको म्हणाले. हमीदाबींनी पिशवी भरायला घेतली.

किल्लारीच्या वाटेवर

निघताना आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही की तो येळवशीचा दिवस आहे. वेळ अमावास्या. आमच्याकडे हा सण माहीत नाही. लातूर भागात त्या दिवशी झाडून सगळी माणसं शेतात जातात. गावं ओस, दुकानं बंद, रस्त्यावर कुत्रं नाही. औशाच्या पुढे भाड्याच्या गाडीचं चाक पंक्चर झालं आणि काढायला माणूस मिळेना. मी रस्त्यावर उभी राहून सगळ्या तालुक्याला शिव्या घातल्या. तेवढ्यात शेतातून एक अनोळखी म्हातारा ओरडला, "ओ पाव्हणं, चाक ऱ्हाऊ द्या, जेवाय या!" त्या दिवशी वाटेवरच्या माणसाला न जेवता जाऊ देत नाहीत. त्याच्याच मुलानं मग चाक बदललं. आम्ही आंबील पिऊन सुटका करून घेतली. ज्वारीची ती गार, आंबट आंबील पोटात गेल्यावर माझा राग थोडा उतरला होता, हे कबूल करते.

कलावतीचं गाव नवं आहे. भूकंपानंतर वसवलेलं, आखून दिलेलं, सरळ रस्ते आणि एकसारखी घरं. जुनं गाव ओढ्यापलीकडे, बाभळी माजलेलं. शेत मात्र जुन्याच जागी. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभारली होती, आत चुन्यानं रंगवलेले दगडांचे पाच पांडव. कलावती चाळिशीची, काळीसावळी, एक पाय ओढत चालणारी आणि आवाजानं खणखणीत. तिनं आम्हाला आधी बसायला घोंगडी दिली.

आणि मी, माझ्या स्वभावाला जागून, घोंगडीवर टेकायच्या आत बोलून मोकळी झाले. "तुम्हाला ढिगाऱ्यातून दवाखान्यात नेणारे ड्रायव्हर हे आहेत. सर नव्हेत."

कलावतीचा चेहरा ताठ झाला. "असं कसं? म्या माझ्या डोळ्यानं बघितलंय. मला उचलून नेली तवा सर उजव्या अंगाला बसले व्हते. डायवर उजव्या अंगालाच बसतो का न्हाई?"

"त्या गाडीचं स्टीअरिंग डावीकडे होतं."

"म्या जाऊन बघितलीय गाडी. उजवीकडंच हाय."

आता हिला वायपर कुठून समजवायचा? मी तरी समजवायला गेले. हमीदाबीही बोलल्या. कलावतीचा आवाज चढला. "त्यो माणूस मला भाऊ हाय. माझं आई, बाप, दोन भावंडं गेली त्या पहाटं. एक भाऊ मिळाला, त्यो बी तुमी काढून घ्यायला आलाव? कुणी पाठीवलं तुमाला?"

माझा सगळा राग एकदम बावळट वाटायला लागला. चाचा उठून उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "न्हाई बेटा, कुणी काही काढून घ्यायला न्हाई आलं. तू हायेस, चालून राहिलीस, बघितलं. झालं माझं काम. आमी जातो."

"न जेवता?" कलावती तशाच रागात म्हणाली. "येळवशीला दुश्मन बी जेवून जातो. बसा."

तिनं वाढलं. वाढलं म्हणजे आपटलं. बाजरीचे उकडलेले उंडे, गव्हाची खीर आणि येळवशीची भज्जी. ही भज्जी तळायची भजी नव्हेत. शेतात त्या दिवसांत जे जे हिरवं असतं ते सगळं एकत्र शिजवून, डाळीचं पीठ लावून केलेलं घट्ट कालवण. चाचांनी एक घास घेतला, सावकाश चावला, दुसरा घेतला.

"आंबट चुका घातलाय," ते ताटाकडे बघत, आपल्याशीच बोलावं तसे म्हणाले. "तेवा चुक्याचं नाव घेतलं नव्हतंस. ओला हरभरा बोललीस, तूर बोललीस, वाटाणा, वालाच्या शेंगा, कांद्याची पात बोललीस. मेथीवर येऊन अडकली. म्या किती बार विचारलं, और काय? और काय, बेटा? बोल, और काय घालते तुजी आई?"

कलावतीच्या हातातला डाव तसाच राहिला.

"बेहोशीत आईला म्हणत व्हती, भज्जीला शेंगा सोलून ठेव," चाचा आम्हाला सांगत होते. त्यांना अजून तिच्याकडे बघायचा धीर नव्हता. "मग म्या तेच धरलं. झोपली की विचारायचो, और काय?"

कलावतीनं डाव खाली ठेवला आणि चाचांसमोर बसली. मग म्हणाली, "त्यो आवाज मला अजून सपनात येतो. दर सालाला येळवशीची भज्जी सरला नेऊन देते. वाटतं, एकदा तरी म्हणतील, और काय. न्हाई म्हणले कधी. म्या समजले, इसरले असतील."

हमीदाबी रडत होत्या आणि मीही. आपण रडतोय याचा मला भयंकर राग येत होता, म्हणून मी आणखी एक उंडा मागून घेतला.

पुन्हा लातूर

"मला सरला त्यांच्या तोंडावर इचारायचंय," कलावती म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी आमच्याबरोबर निघाली. शिकवणीचा एक वर्ग नुकताच सुटत होता. येळवशीच्या सुट्टीत जीप कुणी पुसली नव्हती, तिच्यावर बोटभर धूळ होती.

सर आले, कलावतीला बघून खूश झाले. चाचांना त्यांनी ओळखलं. कशावरून सांगते? त्यांचं हसू एका बाजूनं गळून पडलं आणि त्यांनी ते पुन्हा उचलून लावलं. "वा, वा, चाचा! किती वर्षांनी!"

कलावती तोंड उघडणार, तेवढ्यात मी म्हटलं, "सर, आधी एक फोटो काढू या. तुम्ही तुमच्या जागेवर बसा."

फोटो म्हटल्यावर ते चढले. उजवीकडे, स्टीअरिंगमागे. चाचांना कुणी काही सांगितलं नव्हतं. ते चौथरा चढून, गाडीला पुढून वळसा घालून, डावं दार उघडून आत बसले. पाय आपोआप क्लचकडे गेला आणि रिकाम्या पत्र्यावर टेकला. हात पुढे आले, तिथेही काही नव्हतं; फक्त उजवा हात मधल्या गिअरवर अचूक पडला. त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले.

रखवालदार हसत म्हणाला, "चाचा, गाडी चालवायचीय का? डायवरची सीट तिकडं हाय."

मुलं हसली. हमीदाबींची नजर त्या रखवालदाराला जन्मभर आठवेल.

"सर, काचेवर धूळ आहे, चेहरे दिसत नाहीत," मी म्हटलं. "वायपर लावा जरा."

कोरड्या काचेवर वायपर चालवला तर वडील माझा कान पिळायचे. मी माझी पाण्याची बाटली काचेवर रिकामी केली. सरांनी आपल्या हातानं बटण दाबलं. पाती कुरकुरत उठली, गेली, आली. डावीकडची काच कडेपर्यंत लख्ख झाली आणि तिच्यामागे मकबूलभाईंचा चेहरा, दाढीच्या केसासकट, स्वच्छ दिसायला लागला. उजवीकडे वरचा तिकोनी कोपरा तसाच राहिला. सर उंच आहेत. तो मातकट कोपरा बरोबर त्यांच्या तोंडावर आला.

पाती पुन्हा गेली, पुन्हा आली. कोपरा तसाच. मुलांपैकी कुणीतरी मागच्या भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं, मग दुसऱ्यानं. मला काही सांगावं लागलं नाही. इतकी हुशार पोरं, त्यांच्याच तर फलकांनी शहर झाकलंय.

कलावती गाडीसमोर उभी होती. "त्या दिवशी बी असंच व्हतं," ती हळू म्हणाली, पण आवाज तिचाच, सगळ्यांना ऐकू गेला. "एक तोंड साफ दिसत व्हतं आणि एक चिखलामागं. म्या तोंड बघितलंच न्हाई. म्या बाजू बघितली."

मग तिनं सरांना विचारलं, "तुमी पुढं बसून ऐकत व्हताव ना? और काय, और काय?"

सरांनी वायपर बंद केला. खाली उतरले. म्हणाले, "मी सांगणार होतो, कलावती. एकदा सांगायचं राहिलं की मग..." हातातल्या घड्याळाकडे बघून म्हणाले, "पुढच्या वर्गाची वेळ झाली." आणि गेले.

या माणसाचा मला राग येतो तो यासाठी नाही की त्यानं काहीच केलं नव्हतं. त्यानं केलं होतं! चाचा स्वतः सांगतात, त्या पोरानं जेवणखाण सोडून परदेशी डॉक्टरांना एकेका जखमीचं दुखणं समजावून दिलं. ते काम काय कमी होतं? दुभाष्याचा फोटो भिंतीवर लावायला लाज का वाटावी? पण आपल्याकडे शेजारी बसलेल्याला कुणी विचारत नाही. स्टीअरिंग ज्याच्या हाती, नारळ त्याला. मग प्रत्येकाला स्टीअरिंग आपल्याच बाजूला हवं असतं. त्या शहरात हजारो मुलं नेमकं हेच शिकायला येतात, आणि माझा भाचाही आपल्या मुलीला त्यासाठीच पाठवतो.

मी कोल्हापूरला परत आले त्याला आठ-नऊ महिने झाले. भाच्याची मुलगी सांगते, जीप अजून तिथेच आहे, स्टीअरिंग अजून उजवीकडेच आहे, फोटोखालचं वाक्यही तसंच आहे. फक्त काच हल्ली रोज पुसतात, कोपऱ्यासकट, फडक्यानं.

राखी मात्र यंदा नांदेडला गेली. हमीदाबींनी मला फोन केला होता. कलावती आली, डब्यातून भज्जी घेऊन आली, येळवस नसताना. राखी बांधायला बसली तर चाचा गोंधळून डावा हात पुढे करायला लागले. तिनं तो बाजूला सारला.

"उजवा द्या," ती म्हणाली. "मागं पडल्या पडल्या मला तेवढाच दिसत व्हता. गिअर टाकणारा."